परवडणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर निवडताना: आधी स्पीकर मोजा, मग वॅट बघा

घरातल्या दोन स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण खोक्यावरच्या वॅटपासून सुरुवात करतात. आकडा मोठा दिसला की तोच घेतला जातो. घरी आणल्यावर कळतं की याला व्हॉल्यूमचं बटणच नाही. किंवा आपल्या स्पीकरला तो लिहिलेल्या ताकदीच्या निम्मीही देत नाही. किंवा गाणं बंद असतानासुद्धा ट्वीटरमधून (उंच स्वर देणाऱ्या लहान स्पीकरमधून) सतत सूं ऐकू येतं. तक्रारी तीन, पण मूळ एकच: क्रम चुकला. स्पीकर, खोली आणि गाणं जिथून येतं ते यंत्र या तिन्हींची माहिती हातात आल्यावर अ‍ॅम्पकडे वळायचं असतं. तो क्रम पाळला तर खर्च कमी होतो, कारण आपल्याला वाटते त्यापेक्षा खरी गरज बहुतेक वेळा बरीच लहान निघते.

## तयारी: हाताशी काय हवं

- स्पीकरचं माहितीपत्रक, किंवा मागच्या पट्टीचा नीट वाचता येईल असा फोटो
- मोजपट्टी
- साधा डिजिटल मल्टिमीटर, एसी आणि डीसी दोन्ही व्होल्टेज मोजणारा
- डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारं यंत्र), प्लेयर, टीव्ही असं जे काही अ‍ॅम्पला जोडणार त्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणि त्याचं आउटपुट किती व्होल्टचं आहे तो आकडा
- सध्या एखादा अ‍ॅम्प असेल, कसाही असो, तर तो चालू स्थितीत

मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या. या लेखातली निम्मी कामं त्याच्यावर आहेत आणि पुढेही तो उपयोगी पडतोच.

## टप्पा १: पॉवर अ‍ॅम्पच हवा आहे का, ते ठरवा

पॉवर अ‍ॅम्प आलेला सिग्नल एका ठरावीक पटीने मोठा करून स्पीकरला देतो. आवाज कमी-जास्त करणं आणि इनपुट बदलणं ही कामं त्याच्याआधी कुणीतरी करावी लागतात. तुमच्या डॅकला किंवा प्रीअ‍ॅम्पला (पॉवर अ‍ॅम्पच्या आधी ही कामं करणाऱ्या यंत्राला) व्हॉल्यूम आहे का? असेल तर पॉवर अ‍ॅम्प घ्या. नसेल तर व्हॉल्यूम असलेला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प सोपा आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतो. परवडणाऱ्या लहान अ‍ॅम्पपैकी अनेकांना पुढे व्हॉल्यूमचं बटण असतं. त्यांना लोक पॉवर अ‍ॅम्प म्हणत असले तरी ते काम इंटिग्रेटेडचंच करतात. तसा घेतला तरी पुढचे सगळे टप्पे लागू आहेत.

सावधान: ज्याचं आउटपुट कायम २ व्होल्टवर स्थिर असतं असा प्लेयर व्हॉल्यूम नसलेल्या पॉवर अ‍ॅम्पला थेट जोडू नका. पहिल्याच सेकंदाला पूर्ण ताकद स्पीकरवर जाईल.

## टप्पा २: स्पीकरचे तीन आकडे वाचा

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक सिग्नलला स्पीकर किती मोठा आवाज देतो. माहितीपत्रकात ती साधारण अशी दिसते: ८७ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्याच व्होल्टेजवर २ वॅट जातात. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्टला ८७ डेसिबल लिहिलं असेल, तर १ वॅटला तो ८४ डेसिबलच देतो. हे ३ डेसिबल वजा करायला विसरलात तर पुढचा सगळा हिशेब दुपटीने चुकतो.

इम्पिडन्स, म्हणजे एसी सिग्नलला स्पीकरचा विरोध. पट्टीवरचे ८ किंवा ४ ओहम हा नावापुरता आकडा असतो. प्रत्यक्ष इम्पिडन्स स्वरागणिक बदलतो. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या आणि ४ ओहमच्याने ३.२ च्या खाली उतरू नये. सगळे स्पीकर हे पाळत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा की स्पीकर ८ ओहमचा असला तरी ४ ओहमला स्पष्टपणे चालतो असं लिहिलेलाच अ‍ॅम्प घ्यावा.

शिफारस केलेली पॉवर. '३० ते १५० वॅट' असं वाचलं की लोक १५० च्या मागे लागतात. तो आकडा गाठायचा नसतो. स्पीकर जळतो तो कॉइल तापल्याने. मोठा अ‍ॅम्प जपून वापरला तर स्पीकर वर्षानुवर्षं टिकतो, आणि लहान अ‍ॅम्प सतत त्याच्या मर्यादेबाहेर रेटला तर ट्वीटर जातो.

तपासणी: माहितीपत्रक हरवलं असेल तर स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवून त्याच्या दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा. साडेपाच ते सात ओहम आले तर स्पीकर बहुधा ८ ओहमचा, तीन ते साडेतीनच्या आसपास आले तर ४ ओहमचा. हे मोजमाप डीसीचं आहे. ते इम्पिडन्सपेक्षा थोडं कमी येतं, तेव्हा '६ ओहम दाखवतोय म्हणजे ६ ओहमचाच' असं समजू नका.

## टप्पा ३: कागदावर वॅटचा अंदाज काढा

स्पीकरपासून बसायच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. अंतर वाढलं की आवाज १ मीटरच्या तुलनेत घटतो: २ मीटरवर ६, अडीच मीटरवर ८, ३ मीटरवर साडेनऊ आणि ४ मीटरवर १२ डेसिबल. हे मोकळ्या जागेचे आकडे आहेत. खोलीत भिंतींमुळे घट थोडी कमी असते, पण तो फायदा राखीव धरून हिशेबाबाहेरच ठेवा. स्पीकर दोन असल्यामुळे ३ डेसिबल मिळवा.

उदाहरण घेऊ. स्पीकर ८ ओहमचा, ८६ डेसिबलचा, बसायची जागा अडीच मीटरवर. ८६ उणे ८ अधिक ३, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकेक वॅट दिला तर तुमच्या कानाशी ८१ डेसिबल. घरात मन लावून ऐकताना सरासरी आवाज ७० ते ७५ डेसिबल असला तरी तो भरदार वाटतो. पण तबल्याची थाप, ड्रमचा ठोका, पियानोवरचा जोरकस स्वर हे सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उसळी घेतात. अ‍ॅम्प निवडायचा तो या उसळीसाठी. उसळी ९५ डेसिबल धरली तर ८१ च्या वर १४ डेसिबल लागतात, म्हणजे प्रत्येक स्पीकरला २५ वॅट. १०० डेसिबल धरली तर १९ डेसिबल, म्हणजे सुमारे ८० वॅट.

डेसिबलवरून वॅट काढायला एवढं पाठ असलं की पुरे: ३ डेसिबलला २ पट, ६ ला ४ पट, १० ला १० पट, १३ ला २० पट, २० ला १०० पट.

याच कोष्टकातून खरेदीची एक मोठी गोष्ट कळते. ४० वॅट आणि ५० वॅट यांच्यात १ डेसिबलचाही फरक नाही. ५० वरून १०० वर गेलात तरी ३ डेसिबलच मिळतात, आणि आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेव्हा ६० ऐवजी ७५ वॅटचा मिळतोय म्हणून जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा ४: शक्य असेल तर प्रत्यक्ष मोजा

कागदावरचा हिशेब अंदाज देतो. सध्या कोणताही अ‍ॅम्प चालू असेल तर तुमची स्वतःची गरज अर्ध्या तासात मोजता येते. ऐकायची सवय प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून कुणाच्याही सल्ल्यापेक्षा मी या मोजणीवर जास्त विसंबतो. मात्र क्रम तंतोतंत पाळा.

१. २२० हर्ट्झचा शुद्ध साइन टोन, उणे १२ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली) पातळीचा, फाइल म्हणून मिळवा किंवा एखाद्या ध्वनिसंपादनाच्या अ‍ॅपमध्ये बनवा. वारंवारता एवढी कमी ठेवण्याचं कारण असं की साधे मल्टिमीटर वरच्या वारंवारतेला चुकीचे आकडे दाखवतात.

२. प्लेयरमधला इक्वलायझर आणि सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर मोजणी फुकट गेली.

३. तुमचं नेहमीचं संगीत लावा आणि 'यापेक्षा मोठ्याने मी कधीच ऐकणार नाही' इतका आवाज करा. तीन-चार वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांवर खात्री करा. जुनी आणि शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं हळू असतात, त्यांच्यासाठी बटण जास्त फिरवावं लागतं. त्यांतली सगळ्यात वरची जागा धरा आणि नोंदवून ठेवा.

४. संगीत थांबवा. व्हॉल्यूमला हात लावू नका. अ‍ॅम्प बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी काढा.

५. अ‍ॅम्प पुन्हा चालू करा. बंद करून चालू केल्यावर काही अ‍ॅम्प व्हॉल्यूम आपोआप खाली आणतात. तसं झालं असेल तर नोंदवलेल्या जागी परत आणा.

६. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलला लावा. टोन वाजवा आणि आकडा लिहून घ्या.

७. आकड्याला ४ ने गुणा. टोन पूर्ण पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली होता, म्हणजे व्होल्टेजमध्ये एक चतुर्थांश. गुणून आलेलं व्होल्टेज हे त्या व्हॉल्यूमवर तुमच्या संगीताला लागणारं कमाल व्होल्टेज.

८. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने भागा. उत्तर वॅटमध्ये.

समजा मीटरवर १.६ व्होल्ट आले. चार पट म्हणजे ६.४ व्होल्ट, वर्ग ४१, भागिले ८, म्हणजे साधारण ५ वॅट. हा आकडा पाहून लोक मीटर बिघडला समजतात आणि परत मोजतात. मीटर ठीक असतो. मध्यम खोलीत, मध्यम आवाजात ऐकणाऱ्याची गरज अनेकदा एवढीच असते. ४ व्होल्ट आले तर १६ व्होल्ट, वर्ग २५६, भागिले ८, म्हणजे ३२ वॅट. आलेल्या उत्तराची दुप्पट धरा. पुढे मोठी खोली किंवा कमी सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर आले तर तेवढी जागा हाताशी राहते.

आता उलट बाजू. मीटरवर ७ व्होल्ट आले तर गुणाकार २८ व्होल्टचा, म्हणजे ८ ओहमला ९८ वॅट. पण तुमचा सध्याचा अ‍ॅम्प ४० वॅटचा असेल तर तो हे देऊच शकत नाही. याचा अर्थ जोरकस जागी तो आत्ताच क्लिप होतोय, लाटेची टोकं कापली जातायत. मोठ्या आवाजात संगीत कर्कश किंवा दाटीवाटीचं वाटतं त्याचं हे एक नेहमीचं कारण. अशा वेळी मोठा अ‍ॅम्प घेणं रास्त आहे.

बेस वाढवायची सवय असेल तर तेही हिशेबात घ्या. बेस ६ डेसिबलने वर ठेवणं म्हणजे त्या स्वरांना चौपट वॅट.

सावधान: व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर काढून कधीही चालू करू नका. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ही मोजणी ट्रान्झिस्टरच्या आणि क्लास डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंग पद्धतीच्या) अ‍ॅम्पवरच करा.

तपासणी: टप्पा ३ आणि ४ ची उत्तरं दहापटीने वेगळी आली तर बहुतेक वेळा टोनची पातळी चुकलेली असते. फाइल उणे १२ चीच आहे ना, ते पुन्हा बघा.

## टप्पा ५: जाहिरातीतले वॅट सोलून बघा

गरजेचा आकडा हातात आला, आता बाजारातल्या आकड्यांकडे वळू. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारा. किती ओहमला? किती डिस्टॉर्शनला (आवाजाच्या विकृतीला)? एका चॅनेलचा की दोन्ही मिळून? सतत टिकणारा की क्षणाचा? पीएमपीओ (क्षणिक कमाल पॉवर), 'म्युझिक पॉवर' किंवा नुसतं 'कमाल' असं लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या. लहान क्लास डी अ‍ॅम्पवरचा मोठा आकडा जवळजवळ नेहमीच ४ ओहमचा आणि १० टक्के डिस्टॉर्शनचा असतो. १० टक्के म्हणजे आवाज फाटलेला. अशा आकड्याचे सुमारे ८० टक्के घेतले की स्वच्छ वॅट मिळतात. टीपीए३२५५ या चिपच्या माहितीपत्रकात हे शेजारी-शेजारी दिसतं: ४ ओहमला १० टक्क्यांवर ३१५ वॅट, १ टक्क्यावर २६०. आणि स्पीकर ८ ओहमचा असेल तर ४ ओहमच्या आकड्याचा साधारण निम्माच धरा.

यापेक्षाही पक्की कसोटी म्हणजे वीज कुठून येते ते बघणं. अडॅप्टरवर चालणारे लहान क्लास डी अ‍ॅम्प बहुधा ब्रिज पद्धतीने, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं आउटपुटने चालवतील असे, बांधलेले असतात. त्यांची कमाल मर्यादा काढायचं सूत्र सोपं आहे: अडॅप्टरच्या व्होल्टेजचा वर्ग, भागिले ओहमची दुप्पट. २४ व्होल्टला ८ ओहमवर ३६ वॅट, ४ ओहमवर ७२. ३२ व्होल्टला ८ ओहमवर ६४. ४८ व्होल्टला ८ ओहमवर १४४. प्रत्यक्षात यापेक्षा थोडे कमीच मिळतात. तेव्हा २४ व्होल्टच्या अडॅप्टरसोबत येणाऱ्या अ‍ॅम्पवर 'दर चॅनेल १०० वॅट' लिहिलेलं असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरसाठी ते भौतिकशास्त्रातच बसत नाही.

दुसरी मर्यादा अडॅप्टरच्या एकूण ताकदीची. २४ व्होल्ट, साडेचार अँपिअर म्हणजे १०८ वॅट. त्यातले १५ टक्के उष्णतेत गेले असं धरलं तर उरलेल्या सुमारे ९२ वॅटमध्ये दोन चॅनेल, म्हणजे सतत दिले तर ४६-४६. दोन मर्यादांपैकी जी लहान असेल ती तुमची खरी.

व्होल्टेज ही पाण्याच्या टाकीची उंची आणि अँपिअर ही पाइपची जाडी. उंची तीच ठेवून पाइप जाड केला तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २४ व्होल्ट साडेचार अँपिअरचा अडॅप्टर काढून २४ व्होल्ट दहा अँपिअरचा लावणारे खूप जण आहेत. त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण अडलेलं असतं व्होल्टेजपाशी. ४ ओहमच्या स्पीकरला मात्र जास्त अँपिअरचा उपयोग होतो.

सावधान: म्हणून मनाने व्होल्टेज वाढवायला जाऊ नका. टीपीए३११६डी२ या चिपची शिफारस केलेली मर्यादा २६ व्होल्ट आहे. तिला ३२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर बोर्ड जळू शकतो. चिप सोसेल तेवढं व्होल्टेज बोर्डवरचे कपॅसिटरही सोसतीलच असंही नाही.

ट्रान्सफॉर्मरवाल्या क्लास एबी, म्हणजे पारंपरिक ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला हे सूत्र लागू नाही. तिथे वीज किती ओढतो ते मागच्या पट्टीवर बघा. एकूण १०० वॅट ओढणारा अ‍ॅम्प दोन्ही चॅनेलना १००-१०० वॅट सतत देऊ शकत नाही, हे साध्या बेरजेतून कळतं.

## टप्पा ६: गेन आणि इनपुट जुळतात का ते बघा

या टप्प्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही, आणि 'आवाजच पुरत नाही' किंवा 'बटण जरा फिरवलं की घर दणाणतं' या दोन्ही तक्रारी इथूनच येतात.

पॉवर अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा होतो तो आकडा, बहुतेक वेळा २६ ते २९ डेसिबल असतो. २६ म्हणजे २० पट, २९ म्हणजे २८ पट. डॅक २ व्होल्ट देत असेल आणि गेन २० पट असेल तर ४० व्होल्टपर्यंत मागणी करता येते. ८० वॅटच्या अ‍ॅम्पला ८ ओहमवर सव्वापंचवीस व्होल्टच लागतात. म्हणजे तो सव्वा व्होल्टच्या इनपुटवरच पूर्ण भरतो आणि डॅकची वरची रेंज वापरातच येत नाही. चालतं, पण गेन जितका जास्त तितका मागून येणारा खरखराटही मोठा होतो. गेन बदलायचा स्विच असेल तर आवाज पुरतो तितका कमी गेन ठेवा. उलट, १ व्होल्टच देणाऱ्या यंत्राबरोबर २० पट गेन घेतलात तर ८ ओहमवर ५० वॅटच्या पुढे जाताच येत नाही, मग अ‍ॅम्प २०० वॅटचा का असेना.

इनपुटची सॉकेटंही बघा. कार्यक्रमांसाठी बनवलेल्या व्यावसायिक अ‍ॅम्पना एक्सएलआर (तीन पिनांचं) असतं, घरच्या यंत्रांना आरसीए (मधे एकच पिन असलेलं). आरसीएतून एक्सएलआरला जाणारी तयार वायर चालते. तिच्यात मधला तार पिन २ ला आणि पिन ३ पिन १ शी जोडलेली असायला हवी. पिन ३ मोकळी सोडलेली वायर काही अ‍ॅम्पवर आवाज निम्मा करते किंवा गुणगुण आणते.

## टप्पा ७: कोणत्या जातीचा घ्यायचा

लहान क्लास डी. ५० वॅटपर्यंतची गरज असेल तर मी आधी इथेच बघेन. तापतो कमी, वीज कमी खातो, जागा कमी घेतो. एक गोष्ट मात्र विचारून घ्या: आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या (आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या फेऱ्याच्या) आत आहे का? स्वस्त बोर्डांमध्ये तो बाहेर असतो, त्यामुळे वरच्या स्वरांची पातळी स्पीकरच्या इम्पिडन्सनुसार वर-खाली होते. तोच अ‍ॅम्प एकाकडे चुरचुरीत आणि दुसऱ्याकडे मंद वाटतो तो यामुळे. फिल्टरनंतरून फीडबॅक घेणारी मांडणी असेल तर हा प्रश्न जवळजवळ मिटतो. वेगवेगळ्या ओहमवर मोजलेला आलेख मिळाला तर २० किलोहर्ट्झपर्यंतच्या रेषा एकमेकींवर बसतात का बघा.

जुना क्लास एबी. चांगल्या स्थितीतला मिळाला तर पैशाचं सोनं. पण कपॅसिटर सुकलेले, रिलेचे संपर्क काळवंडलेले आणि बटणं खरखरणारी असू शकतात. विकत घेण्याआधी चालू करून किमान अर्धा तास वाजवा. चालू केल्यावर टक् आवाज करून रिले काही सेकंदांनी जोडला जातोय का ऐका. तो रिले बहुतेक अ‍ॅम्पमध्ये डीसीपासून वूफरला (खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या स्पीकरला) वाचवतो. एक चॅनेल अधूनमधून गायब होऊन बटण फिरवल्यावर परत येत असेल तर रिले किंवा बटण साफ करावं लागणार हे धरून चला. दोन्ही चॅनेलमधून, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जाडसर गुणगुण असेल तर मुख्य कपॅसिटर संशयास्पद. तो सोडा.

व्यावसायिक अ‍ॅम्प. पैशाला सर्वात जास्त वॅट इथे मिळतात. अडचण पंख्याची. हॉलमध्ये तो ऐकूही येत नाही, शांत खोलीत मात्र दोन गाण्यांमधल्या पोकळीत तोच ऐकू येतो. पंखा तापमानानुसार फिरतो की कायम, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

जात कोणतीही असो, अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज किती ते तपासा. सिग्नल-टू-नॉइजचा (सिग्नल नॉइजपेक्षा किती मोठा आहे त्याचा) आकडा पूर्ण ताकदीच्या तुलनेत दिलेला असतो, त्यामुळे तो फसवा असतो. १०० वॅटच्या अ‍ॅम्पला १०० डेसिबल म्हणजे आउटपुटवर सुमारे ०.२८ मिलिव्होल्ट नॉइज. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर हे कानावर येणार नाही. स्पीकर ९५ डेसिबलच्या वर असतील तर ०.१ मिलिव्होल्टच्या आसपासचा शोधा.

डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरच्या ओहमला अ‍ॅम्पच्या आउटपुटच्या ओहमने भागून येणारा आकडा) ५० आणि ५०० यांतला फरक घरात कानावर येत नाही, त्यावर निवड करू नका.

सावधान: 'ब्रिज करून दुप्पट' (दोन चॅनेल मिळून एक स्पीकर चालवणं) या सोयीवर ४ ओहमचे स्पीकर चालवायचा विचार असेल तर थांबा. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला ४ ओहमचा स्पीकर २ ओहमसारखा दिसतो. बहुतेक स्वस्त अ‍ॅम्प तेवढं सोसत नाहीत.

## टप्पा ८: जोडणी, याच क्रमाने

वायर आधी. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची, ५ मीटर लांब वायर जाऊन-येऊन ०.०७ ओहम घेते, म्हणजे काहीच नाही. त्याच लांबीची अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर ०.३५ ओहम घेते. वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा हा साधा नियम धरला तर ती ८ ओहमला जेमतेम चालते, ४ ओहमला नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, तिचा रेझिस्टन्स त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा जास्त असतो. घ्यायचीच तर एक माप जाड घ्या.

१. सगळं बंद ठेवून इनपुटची वायर जोडा. व्हॉल्यूम शून्यावर.

२. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करा. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलमध्ये मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, ५० पर्यंत ठीक. १०० च्या वर असेल तर स्पीकर जोडूच नका, अ‍ॅम्प परत करा. ट्यूबच्या अ‍ॅम्पला ही पायरी वगळा.

३. अ‍ॅम्प बंद करा, मग स्पीकर जोडा. वायरचा एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. बनाना प्लग लावले तर ही भीती जाते.

४. लालला लाल, काळ्याला काळी, दोन्हीकडे सारखं. शंका असेल तर वायर अ‍ॅम्पकडून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत.

५. चालू करताना आधी प्लेयर आणि डॅक, शेवटी पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प. क्रम उलटा झाला की स्पीकरमधून धप्प आवाज येतो.

सावधान: ब्रिज पद्धतीच्या क्लास डी अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं. दोन्ही चॅनेलची काळी टर्मिनलं एकमेकांना जोडू नका, अर्थला लावू नका. काळ्या वायरी एकत्र करणारा स्पीकर-स्विच किंवा स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेणारा सबवूफर लावायचा असेल तर आधी दोन्हींची माहितीपत्रकं वाचा.

## टप्पा ९: परत करायची मुदत संपण्याआधीच्या चाचण्या

संगीत न लावता, डॅक चालू ठेवून, ट्वीटरजवळ कान न्या. अगदी जवळ गेल्यावर हलकंसं सूं चालतं, बसायच्या जागेवर ऐकू येता कामा नये. गुणगुण असेल तर इनपुटच्या वायरी काढून बघा. गेली तर दोष अ‍ॅम्पचा नाही, यंत्रांमधल्या अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. सगळी यंत्रं एकाच विजेच्या पट्टीवर आणून पुन्हा ऐका. वायरी काढूनही राहिली तर दोष अ‍ॅम्पचाच.

मग एकाच माणसाचा, मधोमध ध्वनिमुद्रित झालेला आवाज लावा. तो दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. विखुरलेला आणि बेस गायब असा वाटला तर एका स्पीकरची वायर उलटी आहे. एका बाजूला झुकला तर इनपुटच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर कारण अ‍ॅम्पच्या आधी आहे. त्याच बाजूला राहिला तर स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून अ‍ॅम्प की स्पीकर हे ठरवा. स्वस्त व्हॉल्यूम-बटणांमध्ये अगदी हळू आवाजाला दोन चॅनेलमध्ये फरक पडतो. रात्री हळू ऐकायची सवय असेल तर त्याच जागी तपासा.

शेवटी टप्पा ४ मध्ये ठरवलेल्या सर्वात मोठ्या आवाजात तासभर वाजवा. अ‍ॅम्पच्या वर आणि बाजूंना किमान हाताच्या पंज्याएवढी मोकळी जागा ठेवा, बंद कपाटात ही चाचणी करू नका. तासाभराने हीटसिंकवर किंवा वरच्या पत्र्यावर हात ठेवा. पाच सेकंद ठेवता आला तर ठीक. चटका बसून हात झटकन काढावा लागला, जोरकस जागी आवाज क्षणभर तुटला, किंवा अडॅप्टर अ‍ॅम्पपेक्षाही जास्त तापला, तर खरेदीची पावती काढा आणि अ‍ॅम्प परत पाठवा. हाच अ‍ॅम्प पुढच्या उन्हाळ्यात याहून जास्त तापणार आहे.